३१२ गेम पडून आहेत आणि मी अजून तेच तीन खेळतोय. रेड डेड काढून टाकू का?

खोपटवाला
शुक्रवार, रात्री ११:४०

प्रश्न एका ओळीचा आहे, रामायण मोठं आहे. घाईत असाल तर थेट शेवटच्या परिच्छेदावर जा.

माझ्याकडे ५१२ जीबीची एसएसडी आहे. त्यातली दीडशेच्या आसपास जीबी रेड डेड रिडेम्प्शन २ अडवून बसलाय. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तो चार वेळा सुरू केला आणि चारही वेळा बर्फातच थिजलो. खेळलेल्यांना कळेल. १८९९ सालची गोष्ट, टोळी पळून डोंगरात आलेली, हिमवादळ चालू, घोडे बर्फातून रेटत न्यायचे आणि वर सगळ्यांची बडबड ऐकायची. चौथ्या वेळी तर घोड्यावर बसायचं बटण कुठलं हेच विसरलो. देवळात घालाव्या तशा घोड्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, बंद केला आणि क्रिकेट ०७ लावला.

लायब्ररीत ३१२ गेम आहेत. परवा रात्री मोजले, मोजायला नको होते. त्यातले निम्मे तरी फुकटातले. मे २०२० मध्ये घरात कोंडलेलो असताना एपिकने जीटीए ५ फुकट वाटला, त्या रात्री त्यांचं स्टोअर उघडेना, तरी मी दीड वाजेपर्यंत जागून तो घेतला. त्याच महिन्यात सिव्हिलायझेशन ६ पण फुकट होता, तोही घेतला. दोन्ही अजून कोरे आहेत. विचर ३ विकत घेतलेला आहे, त्यात व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच गावाच्या पुढे मी कधी गेलेलो नाही. लोक ज्या गोष्टींवर तासन् तास भांडतात त्या सगळ्या गावाच्या पलीकडे आहेत म्हणे.

आणि खेळतो काय? तीनच.

एज ऑफ एम्पायर्स २. १९९९ चा गेम, आता २०१९ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती आहे माझ्याकडे. सुरुवातीची मेंढरं संपली की रानडुक्कर टाउन सेंटरपर्यंत ओढून आणायचं, हे मी अर्धवट झोपेत करू शकतो. ऑनलाइन खेळत नाही, तिथली पोरं फाडून खातात. मी आपला कॉम्प्युटरविरुद्ध, मध्यम पातळीवर, भरपूर भिंती बांधून.

स्टारड्यू व्हॅली. आजोबांनी ठेवलेलं शेत, पंधरा बिया आणि पाचशे नाणी, तिथून सुरुवात. हा अख्खा गेम एका माणसाने बनवला आणि २०१६ ला काढला हे मला अजून खरं वाटत नाही. त्यातला एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं. एक दिवस खेळायचा, झोपायचं, आपोआप सेव्ह. आमच्या कॉम्प्लेक्सखालचा किराणावाला कुठल्या वारी बंद असतो हे मला विचारू नका, पण गेममधल्या पिअरचं दुकान बुधवारी बंद असतं हे पक्कं माहीत आहे.

आणि क्रिकेट ०७. त्याबद्दल बोलायला लागलो तर पहाट होईल.

वेळेचं गणित असं. नाव खोपटवाला असलं तरी आता राहायला कासारवडवलीला आहे आणि ऑफिस महापेला. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम किती वर्षं चाललंय हे ठाणेकरांना सांगायला नको. घरी यायला साडेआठ. लेक झोपते सव्वादहाला, भांडी आवरायची पाळी माझी असते, पीसी चालू होतो पावणेअकराला. बारा वाजता मान खाली पडते. म्हणजे सव्वा तास, तोही आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा.

या सव्वा तासात नवा गेम काय करतो? आधी अपडेट उतरवतो. मग उडी कशी मारायची ते शिकवतो, मग तलवार, मग बॅग कशी उघडायची. गोष्टीला जरा कुठे रंग चढतो तेव्हा बारा वाजलेले असतात. पुढची बैठक पाच दिवसांनी. तोवर बटणं विसरलेली, कोण कोणाचा भाऊ तेही विसरलेलं. मग वाटतं, पहिल्यापासून खेळू. असं करत विचर ३ चं पहिलं गाव मी आपल्या कॉलनीपेक्षा चांगलं ओळखतो. जुन्या तीन गेमांमध्ये हे काही नाही. चप्पल पायात सरकवावी तसा आत शिरतो.

बायकोने परवा ऐकवलं. "लग्नात आलेले स्टीलचे डबे माळ्यावर, आणि तू चहा पितोस कान तुटलेल्या कपात. गेमचंही तेच." त्यात टोमणा किती आणि निरीक्षण किती ते ठरवता येईना. मग ती म्हणाली, "डबे मी तरी पुढच्या लग्नात देऊन टाकते. तू हे कोणाला देणार?" खरंच, देता येत नाही. विकता येत नाही. पुन्हा सेल लागला की मी अजून दोन घेणार, हेही तिला माहीत आहे.

तर प्रश्न: रेड डेड काढून टाकू का? काढला तर परत दीडशे जीबी उतरवायचं होणार नाही माझ्याच्याने, म्हणजे तो कायमचा गेला. आणि असं अजून कोणाचं होतं का, की घेतलेलं सगळं सोडून तेच ते खेळावंसं वाटतं?

सेक्टर१९
शनिवार, सकाळी ७:१५

काढा. यात विचारण्यासारखं काय आहे?

जरा कडू बोलतो. तुम्हाला दोन छंद आहेत, एक गेम खेळायचा आणि एक गेम घ्यायचा, आणि तुम्ही दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढताय. खेळण्यात तुमचं काहीच बिघडलेलं नाही. माणूस सव्वा तासात बुद्धिबळाचे दोन डाव खेळतो आणि नवा खेळ का शिकत नाहीस असं त्याला कोणी विचारत नाही.

माझंही असंच होतं, दीडशेच्या घरात गेलो होतो. आता एकच नियम पाळतो. स्टीमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. घेतला की बाराव्या दिवसाचा अलार्म लावतो. तोवर उघडलाच नसेल तर परत. मागच्या सेलमध्ये चार घेतले होते, तीन परत गेले. (याची सवय लावून घेऊ नका, सारखं केलं की ते हटकतात.) विशलिस्टचे ईमेल बंद केले, त्याचा तर सगळ्यात जास्त फायदा झाला. ऐंशी टक्के सूट असं दिसलं की माझा हात आपोआप जायचा.

फुकटवाले मोजूच नका. हळदीकुंकवात मिळालेलं प्लास्टिकचं वाण कोणी संपत्तीत धरतं का?

दिवा_फास्ट
शनिवार, दुपारी १:०२

दादा, हे वाचून हसू पण आलं आणि थोडा रागही आला 😅

माझ्याकडे आय३ चा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. एपिकचे फुकट गेम मीही दर गुरुवारी घेतो, अमेरिकेत उन्हाळ्याची वेळ असली की आपल्याकडे रात्री साडेआठला येतात, हिवाळ्यात साडेनऊला. घेतो आणि ठेवून देतो, कारण चालतच नाहीत. नोकरी लागली की पीसी घेणार, मग खेळणार. म्हणजे तुमच्याकडे वेळ नाही म्हणून पडून आहेत आणि माझ्याकडे मशीन नाही म्हणून. तुम्ही एकदम काढायच्या गोष्टी करू नका, वाईट वाटतं.

काढायची गरजही नाही. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क कुठे पडली असेल तर लावा. स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आहे, तिथे नवा ड्राइव्ह जोडायचा, रेड डेड निवडायचा आणि मूव्ह दाबायचं. परत डाउनलोड करावं लागत नाही. हार्ड डिस्कवरून खेळायला हळू वाटेल, पण ठेवायला काय जातंय? खेळायचा असेल तेव्हा परत एसएसडीवर आणा. आणि सेव्ह फाइल डॉक्युमेंट्समधल्या रॉकस्टारच्या फोल्डरात असते, ती आधी कुठेतरी कॉपी करून ठेवा. बर्फातली असली तरी सेव्ह आहे ती.

आणि क्रिकेट ०७ बद्दल बोला ना. तो माझ्या लॅपटॉपवर पळतो. तुमच्याकडे कुठला पॅच आहे? विंडोज ११ वर चालतो का?

एपीएमसी_कन्या
शनिवार, रात्री ९:४८

माझा बॅकलॉग नाही, मी गेम खेळत नाही. पण आमच्या घरी एक माणूस आहे, त्याचं सांगते.

बाबांचे तुर्भ्याच्या मार्केटला दोन ट्रक होते. चाळीस वर्षं कांदा-बटाटा, नाशिक-तुर्भे, लासलगाव-तुर्भे. गुडघे गेले तसे ट्रक विकले आणि नेरूळच्या घरात बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. माझ्या भाच्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिला. २०१२ चा गेम आहे म्हणे. तीन वर्षं झाली, बाबा रोज दुपारी चहा झाला की "गाडीवर जातो" म्हणून खोलीत जातात.

पहिल्या आठवड्यात नुसत्या तक्रारी. कोणी हॉर्न वाजवत नाही. रस्त्यात कोणी हात दाखवत नाही. चहाची टपरी नाही. सगळे उजव्या बाजूने चालवतात, त्यामुळे पहिल्याच वळणावर दोन गाड्या ठोकल्या आणि दंड भरला. "आयुष्यात एवढा दंड भरला नाही" म्हणाले, ते काही खरं नाही, पण असो. मग एक गोष्ट त्यांना फार आवडली. त्या गेममध्ये ड्रायव्हरला झोप येते आणि आली की थांबून झोपावंच लागतं, नाहीतर डोळे मिटायला लागतात. बाबा म्हणाले, "हे आपल्याकडे पाहिजे होतं." त्यांचा एक क्लीनर झोपेतच गेला होता, कसारा घाटात. ते नाव ते कधी काढत नाहीत, त्या दिवशी काढलं.

भाच्याने हौसेने अजून चार गेम टाकून दिले, विमानाचा, शेतीचा वगैरे. त्यांनी एकेकदा उघडले आणि म्हणाले, "हे माझं काम नाही." मला गंमत वाटली ती याची की त्यांना जराही अपराधी वाटलं नाही. तुमच्या यादीत ३१२ आहेत म्हणून तुम्हाला वाटतंय. त्यांच्यापुढे यादीच नाही. गेममध्ये सुरुवातीला दुसऱ्याच्या ट्रकवर नोकरी केली, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःचा घेतला, आता त्या खोट्या युरोपात त्यांची सहा माणसं कामाला आहेत. मला त्यांची नावं पाठ झालीत.

तुम्ही तिसऱ्या गेमबद्दल "पहाट होईल" म्हणून सोडून दिलंत. खरं तर तेच वाचायचं होतं.

नौपाडा_निवांत
रविवार, सकाळी १०:२०

सगळे काढा काढा म्हणताय, मी उलटं बोलणार.

खोपटवाले, तुम्ही रेड डेड पाहिलाच नाही. बर्फ हा पहिला भाग आहे आणि तो मुद्दाम जड ठेवलाय. डोंगर उतरलात की टोळी खाली येते, बर्फ वितळलेलं असतं, घोडे चिखलात छपाछप चालतात आणि समोर अख्खी दरी उघडते. मी ते पाहिलं तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून दहा मिनिटं नुसता बघत होतो. त्यानंतर दोन महिने शिकार आणि मासेमारी केली, गोष्ट पुढे नेलीच नाही. तुम्हाला स्टारड्यू आवडतो म्हणता, मग हा का नाही आवडणार? तिथेही रोज तेच करायचं असतं, फक्त घोड्यावरून.

चूक वेळेची आहे. असा गेम कामाच्या दिवशी पावणेअकराला सुरू करतात का? गडकरी रंगायतनला नाटक बघायला मध्यंतरानंतर गेल्यासारखं आहे ते. एक रविवार दुपार काढा, जेवणानंतरची. सलग तीन तास. बटणं हाताला बसली की पुढचं सव्वा-सव्वा तासात चालेल. नवा गेम मी फक्त दिवाळीच्या सुट्टीत किंवा मुसळधार पावसाच्या शनिवारी उघडतो. वर्षाला दोन होतात. पुरे आहेत.

सेक्टर१९ यांचं परत करायचं गणित मला पटत नाही. बारा दिवसांत उघडला नाही म्हणून काय झालं? काही पुस्तकं मी दहा वर्षांनी वाचली आहेत.

सेक्टर१९
रविवार, सकाळी १०:३१

पुस्तक दीडशे जीबी जागा खात नाही हो.

नौपाडा_निवांत
रविवार, सकाळी १०:३४

आमच्या घरी येऊन बघा.

खोपटवाला
रविवार, रात्री ११:२५

सगळ्यांना एकेक करून.

सेक्टर१९, घ्यायचा छंद वेगळा हे झोंबलं, म्हणजे बरोबर असणार. ईमेल बंद केले. अलार्मचं अजून धाडस होत नाही.

दिवा_फास्ट, हार्ड डिस्क सापडली. लेकीच्या बारशाचे फोटो आहेत त्यावर, तरी पाचशे जीबी मोकळी निघाली. रेड डेड हलवला, पाऊण तास लागला. क्रिकेट ०७ अकरावर चालतो, माझ्याकडे कम्पॅटिबिलिटी मोड लावल्यावर नीट चालू लागला. पॅच हल्लीच्या आयपीएल संघांचा आहे, मेसेजमध्ये पाठवतो. ही पॅच बनवणारी मंडळी म्हणजे खरोखर धन्य आहेत. ईएने ०७ नंतर क्रिकेटचा तसा गेम काढलाच नाही आणि ही पोरं कुठून कुठून नवे खेळाडू, नवे कपडे, नवी मैदानं घालत बसली आहेत. मूळ गेममध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावांचे, आपल्या संघाची नावं मोडतोड केलेली. आम्ही पहिल्या दिवशी ती सगळी हाताने बदलली होती.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून.

आम्ही म्हणजे मी आणि धाकटा भाऊ. खोपटला दहा बाय बाराची खोली, २००७ साल, वडिलांनी हप्त्यावर घेतलेला असेंबल केलेला कॉम्प्युटर, आणि कीबोर्ड एक. मी बॅटिंग करायचो आणि तो शेजारी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून समालोचन करायचा. गेममध्ये मार्क निकोलस आणि रिची बेनॉ बोलायचे, पण स्पीकरचा आवाज आई बंद करायला लावायची. म्हणून भाऊ. त्याला बेनॉंसारखं थांबून थांबून बोलायचं असायचं, पण ते मराठीत, आणि मैदान खोपट एसटी डेपो. "गोलंदाज शिवशक्तीच्या भिंतीकडून धावत येतोय." शिवशक्ती म्हणजे आमच्या समोरची इमारत. चेंडू सीमापार गेला की तो डेपोतल्या शिवनेरीच्या टपावर पडायचा. भाऊ आउट झाला असं कधी झालं नाही, कारण तो खेळायचाच नाही. त्याची बॅटिंग यायच्या आधी वडील घरी यायचे.

तो आता हिंजवडीला असतो. बोलणं होतं, पण आईची औषधं, कोणी कधी यायचं, एवढंच.

मी एकटा खेळतो तेव्हा आवाज चालू ठेवतो. बेनॉ २०१५ ला गेले. माझ्या पीसीवर ते अजून तीच पंधरा-वीस वाक्यं बोलतात आणि मला ती येण्याआधी कळतात. त्यामुळे बटणं विसरतो म्हणून जुने गेम खेळतो, हे मी वर लिहिलेलं दोन गेमांपुरतं खरं आहे.

दिवा_फास्ट
सोमवार, सकाळी ८:०५

दादा, पार्सेक टाका. तुमची स्क्रीन त्यांच्या लॅपटॉपवर दिसेल आणि त्यांनी तिकडे कंट्रोलर लावला की तुमच्या गेममध्ये दुसरा खेळाडू म्हणून येतील. गेमला ऑनलाइन असायची गरज नाही, एका मशीनवर दोघं खेळू शकले की झालं. दोन्हीकडे फायबर असेल तर मस्त चालतं. मी आणि माझा मित्र असंच खेळतो, त्याचा पीसी चांगला आहे.

आता लोकलमध्ये आहे, उतरलो की सेटिंग लिहितो.

एपीएमसी_कन्या
सोमवार, दुपारी २:१०

बाबांना वाचून दाखवलं. "डेपोच्या टपावर पडायचा" ला ते खूप हसले. विचारतात, शिवनेरी की लाल डबा?

खोपटवाला
पुढचा सोमवार, रात्री १२:५०

ताई, शिवनेरीच. लाल डब्यावर पडला तर दोनच धावा, असा नियम होता.

नौपाडा, तुमचं ऐकलं. काल बायको-लेक माहेरी, जेवण झालं, गेम एसएसडीवर आणला आणि दोन ते पाच बसलो. बर्फातून उतरलो! चिखल, दरी, सगळं तुम्ही म्हणालात तसंच. एक मासाही पकडला, परत सोडला. सुंदर आहे, वादच नाही. पुढे कधी खेळेन माहीत नाही. आता परत हार्ड डिस्कवर गेलाय, बारशाच्या फोटोंशेजारी. पण बर्फात नाही, दरीत.

पार्सेक जमायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली तीस भावाच्या ऑफिसच्या लॅपटॉपशी भांडण्यात गेली, शेवटी त्याने वहिनीचा घेतला. आज साडेदहाला बसलो. दहा षटकांची मॅच. अठरा वर्षांनी पहिल्यांदा त्याने बॅटिंग केली आणि तिसऱ्या चेंडूवर त्रिफळा.

मी म्हटलं, परत खेळ, चालेल. तो म्हणाला नको, तू खेळ. आणि आवाज बंद कर त्या बेनॉचा.